पुढच्या ब्रेकचा बोल्ट

राजसी पडली तेव्हा मी तिच्याकडे धावलो नाही. साहेब धावले, कुमुदिनी वहिनी धावल्या, वहिनींची एक चप्पल रस्त्यात सुटली ती तिथंच राहिली. आणि मी, एकसष्ट वर्षांचा घोडा, दसऱ्याचा नवा सदरा घालून, रस्त्याकडेच्या खडीत हात घालून एक तुटलेला बोल्ट शोधत होतो. पोरगी तिकडे विव्हळतेय आणि हा इकडे लोखंड चाचपतोय. बोल्ट सापडला. दोन्ही तुकडे सापडले. ते खिशात घातले आणि मग मी धावलो.

आधीचं सांगायला हवं, नाहीतर मी बोल्टच का शोधत होतो हे तुम्हाला कळायचं नाही.

माझं नाव श्यामकांत. अंबरनाथला एका कंपनीच्या टूलरूममध्ये छत्तीस वर्षं फिटर होतो. टूलरूममध्ये सगळं काम केसाच्या मापात चालतं. काम झालं की ते इन्स्पेक्शन खात्यात जायचं, आणि त्या खात्याचे मुख्य होते चिंतामणी साहेब. तसा माणूस एकदम शांत, पण हातात मायक्रोमीटर आला की कोणाचा नाही. भल्याभल्यांचे जॉब त्यांच्या टेबलावरून लाल पट्टा लागून परत यायचे. माझा एकही आला नाही. छत्तीस वर्षांत एक नाही. हे मी लग्नात सांगायचो, बारशाला सांगायचो, मयताला गेलो तरी विषय काढायचो. माझी बायको भागीरथी म्हणायची, "तुमच्या तिरडीला पाटी लावू, एकही रिजेक्ट नाही."

साहेबांना एक खूळ होतं. कंपनीच्या लायब्ररीत कुठलंसं इंग्रजी मासिक यायचं, त्यात १९३८ सालच्या एका रेसिंग मोटरसायकलचा फोटो आला होता. लांबलचक ॲल्युमिनियमची टाकी, टाकीवर चामड्याचा पट्टा, खाली झुकलेलं हँडल, आणि वर जवळजवळ आडवा पडून चालवणारा गडी. साहेबांनी ते पान गुपचूप फाडून घरी नेलं होतं. "आयुष्यातली एकुलती एक चोरी," असं ते म्हणायचे. आम्ही दोघं वर्षाच्या अंतराने रिटायर झालो आणि एक दिवस ते पान घेऊन साहेब माझ्या शेडवर हजर. शहाडच्या बाजूला माझी पत्र्याची शेड आहे. एक जुनं लेथ, एक ड्रिल, लोखंड पकडायचा एक भक्कम व्हाइस, बस.

"श्यामकांत, ही बनवायची," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, डोकं ठिकाणावर आहे ना?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागलो.

दोन वर्षं लागली. इंजिन भंगारात पडलेल्या एका जुन्या बुलेटचं घेतलं. पाइपात वाळू ठासून, तापवून, वाकवून फ्रेम केली. टाकी ठोकायला चामड्याची पिशवी शिवली, त्यात वाळू भरली, आणि तिच्यावर पत्रा ठेवून लाकडी हातोडीने ठोकत बसलो. तीन टाक्या वाया गेल्या, चौथी जमली. साहेब रोज बदलापूरहून स्कूटरवर यायचे, डबा घेऊन. कंपनीत मी त्यांच्यासमोर कधी बसलो नव्हतो. शेडमध्ये आम्ही एकाच बाकड्यावर बसून जेवायचो. तरी माझ्या तोंडातलं 'साहेब' काही गेलं नाही.

आता एका फोटोवरून गाडीची मापं कशी काढणार? ती काढली राजसीने. राजसी साहेबांची एकुलती एक मुलगी, एकतीस वर्षांची, घरी बसून एका ऑफिसचं डिझाइनचं काम करते. ती म्हणाली, काका, चाक एकवीस इंची असणार, फोटोत ते किती दिसतंय ते मोजायचं, मग बाकी सगळं त्या प्रमाणात निघतं. आणि निघालं हो. फुटरूळ घेऊन त्या जुनाट पानावरून तिने अख्खी गाडी कागदावर उतरवली. वर पोरगी गाडी चालवण्यात वस्ताद. स्वतःच्या मोटरसायकलवर लडाखला जाऊन आलेली, कोकणात तर दर महिन्याला. म्हणून साहेबांनी आधीच जाहीर केलं होतं, पहिली फेरी राजसी मारणार, आणि ती दसऱ्याला सकाळी. तिच्या आईला, म्हणजे कुमुदिनी वहिनींना, ते पसंत नव्हतं. त्यांना राजसीचं गाडी चालवणंच पसंत नव्हतं, पण बापलेकीपुढं त्यांचं काय चालणार.

आता ब्रेकचं सांगतो. त्या गाडीचा पुढचा ब्रेक ड्रमचा. ब्रेक दाबला की फिरणारा ड्रम आतल्या प्लेटला आपल्याबरोबर ओढायला बघतो. प्लेट फिरू नये म्हणून एक पट्टी लावतात, तिचं एक टोक प्लेटला आणि दुसरं पुढच्या दांड्याला. ती पट्टी एका बोल्टवर धरलेली असते. तो बोल्ट गेला की प्लेट गरकन फिरते, ब्रेकची केबल तिच्याभोवती ओढली जाते आणि चाक जाम होतं. चाक जाम झालं की चालवणारा हवेत. इतकं ते सोपं आहे.

बाजारात मजबूत बोल्ट मिळतो. दुकानात नंबर सांगितला की पोत्यातून काढून देतात. तो लावला असता तर आज मी हे सांगत बसलो नसतो. पण फोटोत त्या जागी मोठ्या गोल डोक्याचा, मानेशी बारीक झालेला बोल्ट दिसत होता, आणि श्यामकांतला तस्साच हवा होता. साहेब म्हणाले पण, "अरे, कोण बघतंय तिथं वाकून?" मी म्हटलं, "मी बघतोय." काय तो माज.

बोल्ट मी चांगल्या पोलादाचा बनवला. पोलाद पक्कं करायला ते भट्टीत लाल करून तेलात बुडवतात. त्याने ते टणक होतं पण ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा एकदा बेताने तापवायचं आणि सावकाश निवू द्यायचं, म्हणजे ठिसूळपणा जातो. या दुसऱ्या कामाला टेम्परिंग म्हणतात. ही कामं जोडीची. पहिलं करून दुसरं सोडलं तर न केलेलं परवडतं. पहिल्या वर्षाच्या अप्रेंटिसला विचारा, तोही सांगेल.

उल्हासनगरात नारूमलची भट्टी आहे. बोल्ट घेऊन गेलो तो दिवस खंडेनवमीचा. आमच्या लाइनीत त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. मशीन धुवून पुसून हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा, आणि मग दसरा होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. नारूमल सिंधी, पण तोही काटेकोर पाळतो. त्याने बोल्ट लाल केला, तेलात सोडला, बाहेर काढला आणि घड्याळ बघितलं.

"बस, साईं. अब पूजा. भट्टी बंद."

"आणि टेम्परिंग?"

"परसों आ जाना."

"अरे, कल सुबह गाडी चलानी है."

"तो कल मत चलाना," नारूमल म्हणाला. इतकं सरळ बोलला तो माणूस. मी हसलो, बोल्ट रुमालात बांधला आणि निघालो.

घरीसुद्धा जमलं असतं. तव्यात वाळू तापवायची, बोल्ट घासून चकचकीत करायचा, वाळूत ठेवायचा, निळा रंग धरला की काढायचा. अर्ध्या तासाचं काम. पण माझी स्वतःची हत्यारं मी घरी आणून पाटावर मांडली होती. कानस पाटावर, चिमटा पाटावर, सगळ्यांवर हळदकुंकू. पूजेतलं हत्यार उचलायचं नसतं, असं मी मला सांगितलं. खरं सांगतो, धर्म आडवा आला नव्हता, आळस आला होता. शेजाऱ्याकडून चिमटा मागता आला असता. वाटलं, काय होतंय. आपल्या हातचा जॉब आहे.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "श्यामकांत, बोल्ट झाला?"

"झाला साहेब," मी म्हटलं.

दसऱ्याला सकाळी आम्ही बदलापूर गावाच्या पुढं जमलो. तिथं एका बिल्डरने प्लॉट पाडून डांबरी रस्ता करून ठेवलाय, घरं अजून नाहीत. टेम्पोतून गाडी उतरवली, वहिनींनी तिला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. राजसीने हेल्मेट घातलं, जाड जॅकेट घातलं, आणि किक मारली. त्या इंजिनाचा आवाज ऐकून साहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. कंपनीच्या निरोप समारंभातही न रडलेला माणूस. मला मिठी मारली त्यांनी, पहिल्यांदाच. माझ्या मनात त्या वेळी बोल्ट नव्हता. शपथेवर सांगतो, तो विसरलो होतो मी.

ती रस्त्याच्या टोकापर्यंत गेली, वळली आणि टाकीवर आडवी होऊन आली, अगदी त्या फोटोतल्यासारखी. आमच्या पुढून गेली आणि ब्रेक दाबला. टक् असा आवाज आला. इंजिनाच्या एवढ्या धडधडीतही मला तो ऐकू आला, आणि त्या क्षणी मला सगळं आठवलं.

मऊ पोलाद तुटायच्या आधी वाकतं, ताणलं जातं. माझ्या बोल्टाचे तुकडे सरळ होते, वाक नाही की ताण नाही, आणि तुटलेलं तोंड साखरेसारखं दाणेदार चमकत होतं. टेम्परिंग न केलेलं पोलाद असंच तुटतं. दुसरं काही कारण असूच शकत नव्हतं.

राजसीचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. बाकी मुका मार, हेल्मेटने डोकं वाचवलं. ऑपरेशन करून प्लेट बसवली, स्क्रू टाकले. शुद्धीवर आली तेव्हा आम्ही सगळे खाटेभोवती उभे होतो. वहिनी तिचे केस मागे सारत होत्या. साहेब घाबरलेले, आणि घाबरलेला माणूस चिडतो.

"पुढचा ब्रेक एवढ्या जोरात दाबतात का गं? पहिल्याच फेरीला?"

"नेहमीसारखाच दाबला, बाबा," ती म्हणाली. ओठ सुकले होते तिचे. "काहीतरी टक् झालं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. कंपनीत एखाद्या जॉबवर वाद झाला की ते असेच माझ्याकडे बघायचे. माझ्या खिशात तुकडे होते. हात खिशातच होता. मी म्हटलं, "नवी गाडी आहे साहेब, ब्रेकचे लायनर नवे. जरा जास्तच दाबला गेला असेल."

"आणि तो बोल्ट?"

"पडल्यावर तुटला."

राजसीने माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून म्हणाली, "असेल. काका म्हणतात तर असेल."

मला त्या वेळी पाय धरून सांगता आलं असतं. नाही सांगितलं. छत्तीस वर्षांची ती एकही रिजेक्ट नसलेली पाटी मला त्या पोरीपेक्षा मोठी वाटली. थू अशा माणसावर.

पुढं काय झालं ते मी लांबूनच बघत राहिलो. दिवाळीत राजसीने स्वतःची मोटरसायकल विकून टाकली. गाडीवाल्यांच्या ग्रुपमधून बाहेर पडली. कोणी विचारलं की साहेब सांगायचे, "पोरीने पुढचा ब्रेक करकचून धरला." आणि ती शेजारी बसून ऐकायची. लडाखच्या उतारांवरून सामान लादलेली गाडी उतरवणारी मुलगी ही. एकदा मी त्यांच्याकडे गेलो तर भाजी आणायला निघाली होती, पायी. म्हटलं, स्कूटर आहे ना दारात. म्हणाली, "नको काका, मला नाही जमत." मी घरी येऊन दोन दिवस जेवलो नाही, पण त्याचा तिला काय उपयोग.

फेब्रुवारीत साहेब गाडी घेऊन पुन्हा शेडवर आले. पुढची बाजू सगळी वाकलेली. म्हणाले, "नीट करू. आता मीच चालवतो. आपलं स्वप्न असं अर्धवट नको." मी काम केलं. दांडे सरळ केले, चाक बांधलं. बोल्ट मी तीन बनवले. नारूमलकडे भट्टीपाशी स्वतः उभा राहिलो आणि दोन्ही कामं करून घेतली. नारूमल म्हणाला, "साईं, इतने से बोल्ट के पीछे पूरा दिन?" शेडवर येऊन तिन्हीमधला एक व्हाइसमध्ये धरून घणाने ठोकला. वाकला, पण तुटला नाही. तेव्हा मला रडू आलं, एकटाच होतो म्हणून बरं.

मार्चमधल्या एका बुधवारी साहेब आले. मी बोल्ट त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "साहेब, हा तपासून घ्या."

"तुझं काय तपासायचं?" ते म्हणाले आणि बोल्ट न बघताच खिशात टाकायला लागले.

तेवढ्याने माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. नारूमल, पूजा, पाटावरचा चिमटा, खडीत शोधलेले तुकडे, हॉस्पिटलात बोललेलं खोटं. तुकडे कपाटातून काढून बाकड्यावर ठेवले. साहेबांनी चष्मा लावला, एक तुकडा उजेडात धरून त्याचं तोंड बघितलं. त्यांना सांगावं लागलं नाही. हेच तर काम केलं त्यांनी जन्मभर.

मला वाटलं, मारतील. मारायला हवं होतं. ते बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "राजसीला सांगू नकोस."

"साहेब?"

"तिने गाडी सोडली ते बरं झालं, श्यामकांत. तिची आई आता शांत झोपते. मीसुद्धा झोपतो. तुला काय माहीत, ती लडाखला गेली होती तेव्हा आमचे दिवस कसे गेले. आता हे सांगितलंस तर ती परत बसेल." चष्मा काढत म्हणाले, "आणि मी तिला इतकं बोललोय. आता काय तोंड दाखवू?"

"म्हणजे मी गप्प बसू?"

"माझ्यासाठी बस. तुला मी माफ केलं, समज."

लाज वाटते सांगायला, पण मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. साहेबांनी जॉब पास केला होता. मी घरी जाऊन पोटभर जेवलोसुद्धा. जेवता जेवता भागीरथीला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिने ऐकून घेतलं, भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"खोटं बोललात तेव्हा साहेबांना विचारलं होतंत का?" ती म्हणाली.

"नाही."

"मग खरं बोलायला त्यांची परवानगी कशाला लागते?"

मी ताट बाजूला सारलं. ती म्हणाली, "वर आणि ते माफ करतात. हात काय त्यांचा मोडला होता?" आणि उठून गेली. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण बोलणं बंद.

शनिवारी दुपारी बदलापूरला साहेबांच्या घरी गेलो. साहेब नवा टायर आणायला अंबरनाथला गेलेत हे मला माहीत होतं, म्हणूनच ती वेळ धरली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, ते गाडी चालवणार होते. वहिनी भिशीला गेल्या होत्या. राजसीने दार उघडलं.

"काका, बाबा नाहीयेत घरी."

"तुझ्याकडेच आलोय."

तिने पाणी आणलं. ते न पिताच मी बोलायला लागलो, कारण थांबलो असतो तर परत फिरलो असतो. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती, टेबलावरच्या तिच्या कॉम्प्युटरकडे बघून सगळं सांगितलं.

"म्हणजे मी ब्रेक बरोबर दाबला होता?" तिने विचारलं.

"बरोबर दाबला होतास."

"हळू दाबला असता तर?"

"तर दुसऱ्या फेरीत तुटला असता. तुझी काही चूक नव्हती, राजसी. केसभरसुद्धा नाही."

ती खुर्चीवर बसली. "पाच महिने मी रोज तो ब्रेक दाबतेय, काका," ती म्हणाली. "अंघोळ करताना, जेवताना. चार बोटांनी दाबला का, दोनच लावायला हवी होती का. वळल्यावर सरळ होते की जराशी कलले होते. मला वाटायचं, आजवर पडले नाही ते नशीब, मला येतच नव्हतं काही."

"चूक माझी होती."

"ते कळलं आता." आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. "बाबांना माहितीये?"

"हो. बुधवारी सांगितलं."

"काय म्हणाले?"

इथं मी पुन्हा खोटं बोलू शकत होतो. एक वाक्य पुरलं असतं, बाप रडला म्हणालो असतो तर तिला बरंच वाटलं असतं. पण त्या एका वाक्यानेच तर इथवर आणलं होतं.

"म्हणाले, तिला सांगू नकोस."

"का?"

"तू परत गाडीवर बसशील म्हणून."

राजसी हसली. ते हसणं मी विसरणार नाही. "कशी बसणार?" ती म्हणाली आणि उजवा हात पुढं करून मूठ वळून दाखवली. बोटं तळव्यापर्यंत आलीच नाहीत. अर्ध्यात येऊन थांबली.

मला काही कळेना. "डॉक्टर तर म्हणाले होते, हात पूर्ण बरा होईल."

"व्यायाम केला तर, म्हणाले होते. पहिले तीन महिने रोज फिजिओकडे जायचं, दुखलं तरी करायचं. मी आठ दिवस गेले आणि सोडून दिलं. घरी सांगायचे जातेय म्हणून, आणि तळ्याकाठी बसून यायचे. मागच्या महिन्यात दाखवलं तर म्हणाले, आता यापुढं फारसं काही होणार नाही."

"अगं पण का?"

तिने हाताकडे बघितलं. "माउस हलवायला एवढी मूठ पुरते, काका. चहाचा कप धरायला पुरते. जोर लागतो तो ब्रेक दाबायला. म्हटलं, तो जोर मला आता कुठं लागणार आहे?"

बोल्टाने तिचं मनगट मोडलं होतं, ते डॉक्टरांनी जुळवलं होतं. मूठ मात्र मी घालवली. खाटेशी उभा राहून, खिशात हात घालून, एका वाक्यात. ऑक्टोबरात नाही तरी नोव्हेंबरात सांगितलं असतं, डिसेंबरात सांगितलं असतं, तरी ती उठून व्यायामाला गेली असती. दर दिवशी माझ्याकडे एक दिवस होता आणि मी तो पाटी सांभाळण्यात घालवला. मी तिच्यासमोर तोंड झाकून रडलो. तिने मला थांबवलं नाही आणि जवळही आली नाही, आणि तेच बरोबर होतं.

थोड्या वेळाने म्हणाली, "बाबांना हाताचं सांगू नका. त्यांना वाटतंय बरा झालाय. उद्या गाडी चालवायचीये त्यांना, डोक्यात हे नको."

खाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला. जिना चढताना साहेब कोणाशी तरी हसून बोलत होते. दार उघडंच होतं. खांद्यावर नवा टायर, कपाळावर घाम, आणि मला बघून ते उंबऱ्यातच थबकले. मग राजसीकडे बघितलं त्यांनी. तिच्या तोंडावरूनच त्यांना कळलं.

"श्यामकांत, मी तुला काय सांगितलं होतं?"

"साहेब, टायर खाली ठेवा," मी म्हटलं. "आणि हिचा हात बघा."

"काका, नको," राजसी म्हणाली.

"तुझ्या बाबतीत एकदा गप्प बसलोय मी. परत नाही बसणार."

साहेबांनी टायर भिंतीला टेकवला. तो घरंगळून आडवा झाला, त्यांनी उचलला नाही. खुर्ची ओढून ते तिच्यासमोर बसले. तिचा हात हातात घेतला, उलटा करून पाहिला, मनगटावरच्या टाक्यांच्या खुणेवरून अंगठा फिरवला. त्यांना काही दिसेना. मग त्यांनी आपली दोन बोटं तिच्या तळव्यात ठेवली.

"दाब," ते म्हणाले.

मी बघत होतो. तिच्या दंडाची शीर ताठ झाली, ओठ मिटले.

"दाब ना, राजसी."

"दाबतेय, बाबा."

"अगं, जोरात दाब."

"जोरातच दाबतेय."